सूर्यफूल, मटार आणि झॉम्बी : सुटता न सुटणाऱ्या एका खेळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी २०१० पासून संगणकाचे वर्ग चालवतो. टायपिंग आणि टॅली शिकायला येणारी मुले दोन बॅचच्या मधल्या वेळेत काय खेळतात, हे त्यांच्या पाठीमागे उभे राहून पाहता पाहता मी स्वतःच ‘प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज’ या गेमच्या नादी लागलो. त्यानंतरच्या काळात विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि एकदोन सेवानिवृत्त गुरुजींनीही या खेळाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते उत्तरांसह येथे देत आहे.

हा गेम नेमका आहे तरी काय?

एक घर आहे, त्याच्यासमोर हिरवळ आहे आणि उजवीकडच्या रस्त्यावरून झॉम्बी, म्हणजे थडग्यातून उठून चालू लागलेली प्रेते, पाय ओढत घराकडे येत आहेत. त्यांना तुमचा मेंदू खायचा आहे. तुमच्याकडे बंदूक नाही, तलवार नाही, माणसेही नाहीत; आहेत ती फक्त झाडे. कुठले झाड मटाराचे दाणे झाडते, कुठले आडवे येऊन वाट अडवते, कुठले स्फोट होऊन आसपासचे सगळे उडवून देते. आपल्या भाषेत गोळ्याही झाडतात आणि झाडालाही झाडच म्हणतात, त्यामुळे ‘झाडणारे झाड’ ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

हिरवळीचे पाच ओळींत आणि नऊ रकान्यांत भाग पाडलेले असतात. एका चौकोनात एक झाड. झॉम्बी आपापल्या ओळीतून सरळ चालत येतात, वाटेत झाड आले की ते खातात आणि पुढे सरकतात. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला गवत कापायचे एक यंत्र उभे असते. झॉम्बी तिथवर पोहोचला, तर ते यंत्र सुरू होऊन त्या ओळीतले सगळे झॉम्बी एकदाच साफ करते. त्यानंतर त्या ओळीला कोणीही वाली उरत नाही.

हा कोणी आणि कधी केला?

अमेरिकेतल्या सिएटल येथील पॉपकॅप गेम्स या कंपनीने ५ मे २००९ रोजी तो विंडोज आणि मॅक संगणकांसाठी आणला. रचना जॉर्ज फॅन यांची, प्रोग्रॅमिंग टॉड सेंपल यांचे, चित्रे रिच वर्नर यांची आणि संगीत लॉरा शिगिहारा यांचे. गाभ्याचा संघ एवढाच होता, आणि एवढ्या थोड्या माणसांच्या हातचे काम असल्यामुळेच की काय, चित्र, आवाज आणि विनोद या तिन्हींचा सूर कुठेही वेगळा लागत नाही. फॅन यांनी त्याआधी ‘इन्सॅनिक्वेरियम’ नावाचा गेम केला होता. त्यात मत्स्यालयातले मासे पाळायचे आणि परग्रहावरून येणाऱ्या प्राण्यांपासून त्यांची राखण करायची असे. म्हणजे आधी काहीतरी वाढवायचे आणि मग ते वाचवायचे, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात आधीपासूनच होती. फेब्रुवारी २०१० मध्ये गेम आयफोनवर आला आणि जुलै २०११ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीने पॉपकॅपच विकत घेतली. तो व्यवहार ६५ कोटी डॉलर रोख आणि १० कोटी डॉलरचे शेअर असा होता.

यात ‘स्ट्रॅटेजी’ कुठे आहे? मुले तर नुसती माऊस टिचकवताना दिसतात.

हा प्रश्न मला एका गुरुजींनी विचारला होता आणि त्याचे उत्तर मी त्यांना आकडे मांडून दिले होते, तेच येथे देतो.

खेळाचे चलन म्हणजे सूर्यप्रकाश. दिवसाच्या लेव्हलमध्ये तो आकाशातून अधूनमधून पडतो, पण तेवढ्यावर भागत नाही. सूर्यफूल लावायला ५० सूर्य लागतात आणि ते साधारण २४ सेकंदांनी २५ सूर्य देते. म्हणजे पाऊण मिनिटात त्याची किंमत वसूल होते आणि पुढचा सगळा नफा असतो. मटार झाडणाऱ्या पीशूटरला १०० सूर्य लागतात आणि त्यातून एकही सूर्य परत येत नाही. सुरुवातीला तुमच्या हातात फक्त ५० सूर्य असतात. म्हणजे पहिला निर्णय जवळपास ठरलेलाच असतो: आधी सूर्यफूल. पण किती सूर्यफुले लावायची आणि कुठल्या क्षणी थांबून बंदोबस्ताकडे वळायचे, हा दुसरा निर्णय मात्र प्रत्येक वेळी नव्याने घ्यावा लागतो. एखादे सूर्यफूल जास्त लावावे तर झॉम्बी अंगणात, आणि ते लावू नये तर पुढच्या लाटेला पैसा नाही.

आता संरक्षणाची बाजू पाहू. साध्या झॉम्बीला पाडायला मटाराचे सुमारे १० दाणे लागतात. पीशूटर साधारण दीड सेकंदाला एक दाणा सोडतो. म्हणजे एक साधा झॉम्बी पंधराएक सेकंदांत आडवा होतो, आणि तो नऊ रकाने पाऊण मिनिटात चालून येतो, त्यामुळे काळजीचे कारण नाही. पण डोक्यावर बादली घातलेल्या झॉम्बीला सुमारे ६५ दाणे लागतात. एकट्या पीशूटरला त्यासाठी दीड मिनिट हवे, आणि बादलीवाला तर पाऊण मिनिटात दाराशी येतो. मग काय करायचे? ५० सूर्यांचा अक्रोड मध्ये उभा करायचा. तो काहीच करत नाही, नुसता उभा राहून खाल्ला जातो, पण एका झॉम्बीला तो पुरा खायला साधारण ४० सेकंद लागतात. पाऊण मिनिट चालण्याचे आणि ४० सेकंद अक्रोडाचे, अशी बेरीज जेमतेम जमत आली की उरलेल्या वेळेसाठी दुसरा पीशूटर लावायचा की १५० सूर्यांचा चेरी बॉम्ब राखून ठेवायचा, हे पाचही ओळींकडे एकाच वेळी पाहत दोन सेकंदांत ठरवायचे असते. त्यात पुन्हा प्रत्येक बियाण्याला विसावा लागतो. सूर्यफूल सात-आठ सेकंदांत पुन्हा लावता येते, अक्रोडाला मात्र अर्धा मिनिट थांबावे लागते.

गुरुजींनी हे सगळे ऐकून घेतले आणि ‘म्हणजे काळ-काम-वेगाचीच उदाहरणे आहेत की ही’ असे म्हणाले. त्यांचे म्हणणे बरोबर होते.

मग त्याला ‘कॅज्युअल’, म्हणजे कोणीही सहज खेळावा असा, का म्हणतात?

कारण हे गणित खेळणाऱ्याला कागदावर कधीच मांडावे लागत नाही. शिकायला पुस्तिका नाही, दहा बोटांची कसरत नाही, एक माऊस पुरतो. पहिल्या लेव्हलमध्ये पाचपैकी एकाच ओळीत हिरवळ असते आणि हातात एकच झाड असते. चूक करायची म्हटली तरी फारशी करता येत नाही. ती जिंकली की सूर्यफूल मिळते आणि ओळी तीन होतात. मग चेरी बॉम्ब, मग अक्रोड. पाचव्या लेव्हलला तर लढाई बाजूला ठेवून अक्रोड घरंगळवत झॉम्बींना पाडण्याचा बोलिंगसारखा खेळ येतो. गोट्या खेळलेल्या कोणालाही तो पहिल्याच फेरीत जमतो.

घराच्या भोवती मनोरे किंवा अडथळे उभारून शत्रू थोपवण्याचा हा प्रकार, ज्याला टॉवर डिफेन्स म्हणतात, तो आधीपासून होता. ‘वॉरक्राफ्ट ३’ खेळणाऱ्यांनी स्वतः तयार केलेल्या नकाशांत तो रुजला आणि २००७ मध्ये ब्राउझरवर खेळायच्या गेममुळे तो पुष्कळांपर्यंत पोहोचला. पण त्यात वळणावळणाच्या वाटा, मनोऱ्यांच्या पायऱ्या आणि आकड्यांचे तक्ते असत. फॅन यांनी वाटा सरळ केल्या आणि मनोऱ्यांच्या जागी झाडे आणली. झाड जागेवरून हलत नाही, हे कोणालाही शिकवावे लागत नाही. सूर्यफूल सूर्य देणार, मिरची जाळणार, काटे पायात रुतणार, हेही चित्र पाहूनच कळते.

याविषयी फॅन यांनी २०१२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक व्याख्यान दिले होते. स्वतःच्या आईला हा गेम शेवटपर्यंत कसा खेळायला लावला, हाच त्याचा विषय होता. पडद्यावर एका वेळी मोजकेच शब्द ठेवावेत, वाचून दाखवण्यापेक्षा करून पाहू द्यावे आणि शिकवणे खेळातच विरघळवून टाकावे, असे त्यांचे सूत्र होते. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला ते व्याख्यान वर्मी लागले. माझ्या वर्गातला पहिला तास तोवर नुसता फळ्यावर जात असे.

ज्यांनी माऊसही धरलेला नाही, त्यांना हा खरोखर जमतो का?

जमतो, असे मी स्वतः पाहिले आहे. औसा तालुक्यात माझी आत्या राहते. त्या वेळी ती साठीच्या पुढची होती आणि संगणक म्हणजे पोरांनी बिघडवायची वस्तू, असे तिचे मत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत लॅपटॉप घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो आणि दुपारी ओसरीवर खेळत बसलो होतो. ती शेंगा फोडत बाजूला बसली होती. मी घाई करून आधीच पीशूटर लावायच्या तयारीत सूर्य साठवत होतो. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, ‘आरं, आधी सूर्यफूल लाव की. पिकाचा पत्ता नाही अन् राखणीला गडी कशाला ठिवतूस?’

तिने आयुष्यात सूर्यफूल पेरले होते. सोयाबीन सगळीकडे पसरण्याआधी लातूर-धाराशिव पट्ट्यात सूर्यफुलाचे पीक पुष्कळ घेतले जाई, आणि दाणे भरायला लागले की पोपटांचे थवे उतरत. मग माळ्यावर बसून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा बडवायचा आणि एका कोपऱ्यातून हाकलले की दुसऱ्या कोपऱ्यात उतरतात म्हणून डोळे सगळ्या शेतावर ठेवायचे, हे काम तिने लहानपणापासून केले होते. रात्री रानडुकरांसाठी जागल असे. पाच ओळींवर एकाच वेळी लक्ष ठेवणे हे माझ्यासाठी नवे कौशल्य होते. तिच्यासाठी ते नवे नव्हते, नवा होता तो फक्त माऊस. दोन दिवसांत तिने पहिल्या दहा लेव्हल पार केल्या, तेव्हा उजवे बटण कशासाठी असते हेही तिला ठाऊक नव्हते, आणि त्याची गरजही पडली नाही.

प्रेतांच्या खेळात विनोद कसला?

विनोद असा की ही प्रेते भयंकर नाहीत, उद्योगी आहेत. एक वाहतुकीचा शंकू डोक्यावर घालून येतो, एक दाराची जाळी ढालीसारखी धरून येतो, एक तलावात बदकाच्या आकाराचे रबरी कडे कमरेला लावून उतरतो. कोणी डॉल्फिनवर बसून येतो, कोणी फुगा धरून उडत येतो, तर कोणी जमिनीखालून बोगदा खणून मागच्या बाजूने निघतो. मला सगळ्यांत आवडतो तो वर्तमानपत्र वाचत येणारा. म्हातारा आहे, पान समोर धरून संथपणे चालला आहे, जगाशी देणेघेणे नाही. पण मटाराच्या दाण्यांनी त्याचे पान फाटले की तो एकदम लाल होतो आणि दुप्पट वेगाने धावून येतो. पारावर पेपर वाचत बसलेल्या ज्येष्ठांच्या हातातून मधले पान कोणी ओढून घेतले, तर काय होते हे ज्याने पाहिले असेल, त्याला या झॉम्बीची ओळख करून द्यायला नको.

प्रत्येक दहाव्या लेव्हलच्या आधी झॉम्बींकडून पत्र येते. त्यात घरावर चालून येत असल्याची सूचना अगदी सभ्यपणे दिलेली असते. अक्षर ओबडधोबड, शुद्धलेखनाचा बोजवारा, शेवटी मात्र आदरपूर्वक सही. शेजारी राहणारा क्रेझी डेव्ह डोक्यावर पातेले घालून हिंडतो, न समजणारी बडबड करतो आणि आपल्या गाडीच्या डिकीतून बियाणे व अवजारे विकतो. तालुक्याच्या बाजारात असा एक तरी विक्रेता असतोच. सुरुवातीला नाचणाऱ्या झॉम्बीचा अवतार मायकेल जॅक्सनसारखा होता. त्यांच्या वारसांकडून हरकत आल्यावर २०१० मध्ये तो बदलून डिस्को नाचणारा झॉम्बी आणला गेला.

या विनोदाचे खरे काम वेगळेच आहे, असे मला वाटते. खेळात हरणे चिडचिड वाढवते, आणि चिडलेला माणूस उठून जातो. येथे हरताना समोर कोणी क्रूर शत्रू नसतो, पोगो काठीवर उड्या मारत तुमचे कुंपण ओलांडणारा एक खुळा असतो. हसू येते, आणि हसू आलेला माणूस पुन्हा खेळायला बसतो. संगीतही त्यात भर घालते. झॉम्बी वाढले की चालू असलेल्याच चालीत ढोलताशे मिसळतात, गर्दी ओसरली की ते थांबतात. कानाला धोका कळतो, पण घाबरवल्यासारखे वाटत नाही.

लहान मुले घाबरतील का?

सात-आठ वर्षांच्या पुढची बहुतेक मुले घाबरत नाहीत, हसतात. झॉम्बीचा हात गळून पडतो, मुंडके घरंगळते, पण रक्त दिसत नाही आणि चित्रे व्यंगचित्रासारखी आहेत. घर पडते तेव्हा एक किंकाळी ऐकू येते आणि झॉम्बींनी मेंदू खाल्ल्याचे शब्द पडद्यावर येतात. फार लहान मूल तिथे दचकू शकते. घरातल्या मुलाचा स्वभाव आपल्याला माहीत असतो, त्यावरून ठरवावे.

‘एवढीच एक लेव्हल’ म्हणता म्हणता रात्रीचा दीड कसा वाजतो?

याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले कारण लेव्हलच्या लांबीत आहे. एक लेव्हल साधारण पाच ते दहा मिनिटांत संपते. दहा मिनिटे ही कोणालाही आपल्याजवळ असल्यासारखी वाटतात. चहा उकळेपर्यंत, बस येईपर्यंत, वीज जाईपर्यंत. तासभराचा खेळ सुरू करायला मन कचरते, दहा मिनिटांचा करायला कचरत नाही, आणि सहा वेळा न कचरले की तास झालेला असतो.

दुसरे कारण बक्षिसाचे आहे. मुख्य मोहिमेत ५० लेव्हल आहेत आणि वेगवेगळी झाडे ४९. त्यातली काही डेव्हच्या दुकानातून घ्यावी लागतात, पण बऱ्याच लेव्हलच्या शेवटी एक नवे झाड हातात पडते. ते मिळताच लेव्हल संपते. म्हणजे नवे झाड हाती आलेले आहे, पण ते लावून पाहायचे तर पुढची लेव्हल सुरू करावी लागते. नवा विळा घेतलेला माणूस तो धारेला लावून न पाहता घरी ठेवून झोपेल, हे शक्य नाही.

तिसरे कारण अपुरे राहिलेल्या कामाचे आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्ये दाखवले की पुरे झालेल्या कामापेक्षा मध्येच तुटलेले काम माणसाच्या लक्षात जास्त राहते. टपरीवाल्याला चुकती झालेली बिले आठवत नाहीत, उधारी मात्र तोंडपाठ असते, तसेच. या गेममध्ये खालच्या कोपऱ्यात एक पट्टी असते आणि तिच्यावर झेंडे असतात; प्रत्येक झेंड्यापाशी मोठी लाट येणार असते. पट्टी अर्धी भरलेली असताना उठणे म्हणजे मळणी अर्धी टाकून उठण्यासारखे वाटते.

चौथे कारण मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, आणि ते सूर्यफुलात आहे. आकाशातून पडलेला किंवा फुलातून निघालेला प्रत्येक सूर्य स्वतः टिचकी मारून गोळा करावा लागतो. रचनाकाराला ते आपोआप जमा होईल असे सहज करता आले असते. तसे न केल्यामुळे हात कधी रिकामा राहत नाही. लढाईत शांतता असली, तरी चमकणारा सूर्य कुठेतरी पडलेला असतो आणि तो उचलताना होणारा छोटासा आवाज इतका गोड आहे की तो चुकला तर रुखरुख लागते. कापूस वेचायला बसलेले माणूस ‘एवढी ओळ झाली की उठते’ म्हणते आणि ओळ संपताना पुढच्या ओळीतले पहिले बोंड हातात आलेलेच असते. मराठवाड्यातल्या माणसाला ही ओढ ओळखीची आहे. फक्त ती पडद्यावर भेटेल, अशी त्याची अपेक्षा नसते.

मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी ‘फ्लो’ म्हणून ज्या तल्लीनतेचे वर्णन केले, ती काम फार सोपे नसताना आणि फार अवघडही नसताना येते. या खेळात अवघडपणा दर दहा लेव्हलनी कूस बदलतो. आधी दिवस, मग रात्र, मग मागच्या अंगणातला तलाव, मग धुके आणि शेवटी उतरते छप्पर. रात्री आकाशातून सूर्य पडत नाही, म्हणून अळिंबी वापरावी लागतात. छपरावर सरळ मारा अडतो, म्हणून कोबी उंच फेकणारी झाडे लागतात. जमू लागले, असे वाटते न वाटते तोच जमीन बदलते.

मग याला व्यसन म्हणायचे का?

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि ते नीट वापरावेत असे मला वाटते. नाद गाण्याचाही असतो आणि कबुतरांचाही. तो माणसाला स्वतःहून सांगावासा वाटतो. चटक लागते ती जिभेला, ती थोडी लपवली जाते. व्यसन ते, जे घरातल्या माणसांना भोगावे लागते. या गेमचा बहुतेकांना लागतो तो नाद, आणि तो महिन्या-दोन महिन्यांत ओसरतो, कारण मुख्य कथा संपते.

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, ‘गेमिंग डिसऑर्डर’ ही नोंद केली आहे. तिच्या कसोट्या स्पष्ट आहेत: खेळण्यावर ताबा न उरणे, इतर सगळ्या कामांपेक्षा आणि आवडींपेक्षा खेळाला वरचे स्थान मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे किंवा वाढणे. शिवाय हे सर्वसाधारणपणे किमान १२ महिने दिसायला हवे आणि त्यामुळे घर, शिक्षण किंवा काम यांत लक्षणीय बिघाड झालेला असायला हवा. सुट्टीत आठ दिवस जेवणाची हाक ऐकू न आलेला मुलगा यात बसत नाही. वर्षभर शाळा बुडवणारा बसू शकतो, आणि त्याला रागावण्याऐवजी डॉक्टरकडे न्यायला हवे.

मुलगा लातूरला शिकवणीला आहे आणि हा गेम खेळतो. बंद करून टाकावा का?

पालकांचा हा प्रश्न दर जूनमध्ये येतो. बंद करण्यापेक्षा कुठे थांबायचे ते ठरवून द्यावे, असे मी सांगतो. ‘अर्धा तास’ असे सांगू नये, कारण अर्धा तास नेमका मोठ्या लाटेच्या मध्यावर संपतो आणि मग भांडण होते. ‘दोन लेव्हल’ असे सांगावे. लेव्हल संपल्यावर मन मोकळे असते. नवे झाड पाहून पुढची सुरू करण्याआधीचे ते दहा सेकंद हीच उठायची जागा आहे. मध्येच उठावे लागले, तर गेम बाहेर पडताना चालू लेव्हल जपून ठेवतो, हेही मुलाला माहीत असू द्यावे. अचानक वीज गेली, तर मात्र चालू लेव्हल हातची जाण्याची शक्यता धरावी. आधी पार केलेल्या लेव्हल शाबूत राहतात.

इंग्रजी येत नसेल तर अडते का?

खेळताना नाही. विनोदाचा काही भाग हुकतो, विशेषतः झॉम्बींची पत्रे आणि प्रत्येक झाडाची व झॉम्बीची माहिती देणारी वही. ती वही कोणाकडून तरी वाचून घ्यावी, इतकी मजेदार आहे.

जुन्या संगणकावर चालतो का?

२००९ च्या साध्या संगणकांसाठीच तो केला होता. माझ्या वर्गातले ५१२ एमबी रॅमचे जुने संगणक दुसऱ्या कोणत्याही नव्या गेमला हात टेकत, पण हा गेम सुरळीत चालवत. खेड्यापाड्यांत तो पोहोचण्याचे हेही एक कारण आहे, आणि ते मोठ्या शहरांतल्या जाणकारांच्या लक्षात येत नाही. एक विनंती मात्र आहे: पेन ड्राइव्हवरून फिरणाऱ्या फुकट प्रती घेऊ नयेत. अशाच एका प्रतीबरोबर आलेल्या व्हायरसने माझ्या वर्गातले चार संगणक एका आठवड्यात झोपवले होते, आणि ती प्रत मीच घातली होती.

मोबाईलवर दुसरा भाग फुकट आहे. मग पहिलाच का खेळावा?

दुसरा भाग २०१३ मध्ये आला. चित्रे सुरेख आहेत, इजिप्त आणि समुद्री चाच्यांच्या काळातली सफर आहे. पण डाऊनलोड फुकट असला, तरी आत दुकान आहे आणि काही झाडे खऱ्या पैशांत विकली जातात. पहिल्या भागात एकदा पैसे दिले की विषय संपत असे. हरलो तर चूक आपली होती. दुसऱ्या भागात अवघड लेव्हलवर हरलो की मनात शंका येते, ही लेव्हल मला हरवण्यासाठी केली आहे की मला काही विकण्यासाठी? ही शंका एकदा शिरली की हसू मावळते. हे माझे मत आहे. नव्या पिढीतल्या माझ्या विद्यार्थ्यांना दुसरा भाग अधिक आवडतो.

पहिल्यांदा खेळताना काय लावावे?

सर्वांत डावीकडच्या दोन रकान्यांत सूर्यफुले लावावीत, त्यांच्या पुढे मारा करणारी झाडे आणि सहाव्या-सातव्या रकान्यात अक्रोड. पहिला झॉम्बी येताना दिसला म्हणून घाबरून १०० सूर्य घालवू नयेत. त्याच्या ओळीत २५ सूर्यांचा बटाटा-सुरुंग पेरावा. तो तयार व्हायला साधारण पंधरा सेकंद लागतात, म्हणून झॉम्बीपासून लांब लावावा. लेव्हलच्या आधी कोणते झॉम्बी येणार ते दाखवले जाते आणि त्यानुसार बियाण्यांची सहा पाकिटे निवडायची असतात. पुढे डेव्हकडून जागा विकत घेत ती दहापर्यंत नेता येतात. पेरणीआधी आभाळ पाहून बियाणे ठरवतात, तसे हे ठरवावे. एक सूर्यफुलाचे पाकीट मात्र कधीही सोडू नये.

शेवट कसा होतो, आणि त्यानंतर काय?

चौथ्या टप्प्याची शेवटची लेव्हल विसरता येत नाही. सगळा पडदा काळोखा होतो, पाऊस कोसळत असतो आणि वीज चमकेल तेवढ्या क्षणापुरतेच अंगण दिसते. त्या उजेडात कोणत्या ओळीत कोण कुठे आहे ते टिपायचे आणि अंधारात झाड लावायचे. आत्याने ती लेव्हल पाहिली तेव्हा ‘ह्ये तर मिरगाचं आभाळ हाय की रं’ असे म्हणून लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि दुसऱ्या प्रयत्नात जिंकली. मला सहा लागले होते.

शेवटची लढाई रात्री छपरावर होते. डॉक्टर झॉमबॉस एका अवाढव्य यंत्रमानवात बसून आगीचे आणि बर्फाचे गोळे फेकतो. तो हरला की शिगिहारा यांनीच गायिलेले गाणे लागते आणि सूर्यफूल डोलत गाते. त्यानंतर मोहीम पुन्हा खेळता येते, पण या वेळी तीन झाडे क्रेझी डेव्ह त्याच्या लहरीने निवडून देतो. शिवाय छोटे खेळ आहेत, कोडी आहेत, झाडांना पाणी घालत बसायची एक शांत बाग आहे आणि न संपणारी लढाईही आहे.

झॉमबॉसशी लढताना आत्याचा हात थरथरू लागला, म्हणून तिने मला बसवले आणि ती चहा ठेवायला गेली. गाणे लागल्यावर कप घेऊन परत आली, नाचणाऱ्या सूर्यफुलाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग विचारले, ‘दाणा भरलेला दिसतोय. तेल किती निघत आसंल ह्याचं?’